पीएलए फिलामेंट: विद्यार्थी प्रकल्पांसाठी कसं आहे, आणि गोव्यात कसं टिकतं

शाळेतली अटल टिंकरिंग लॅब असो की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, प्रोटोटाइपची गोष्ट निघाली की थ्रीडी प्रिंटर आठवतो आणि प्रिंटरवर बहुतेक वेळा पीएलए या प्लॅस्टिकच्या तारेचंच (फिलामेंटचं) रीळ असतं. १.७५ मिलिमीटर जाडीचं एक किलोचं रीळ म्हणजे साधारण ३३० मीटर तार. माल चांगला आहे. २००–२१० अंशांना नीट वाहतो, वास जवळजवळ नाही, बेडवरून (ज्या पाटीवर वस्तू छापली जाते तिच्यावरून) कडा फारशा उचलल्या जात नाहीत, नवशिक्यांच्या बऱ्याच चुका खपवून घेतो. गोव्यात त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत: पावसाळ्यातली दमट हवा आणि मे महिन्यातली उन्हात उभी गाडी. पण बहुतेक प्रकल्पांत रीळ वाया जातं ते या दोन्हींमुळे नव्हे, तर कल्पना तपासण्याआधीच, फार लवकर उघडल्यामुळे.

काजूच्या बोंडूपासून बी सुटी करणारं हातातलं साधन हा विषय घेऊ. पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअरमध्ये सुबक जबडा काढून प्रिंटला लावला, तर दोन दिवस आणि शंभर ग्रॅम पीएलए गेल्यावर कळतं की बी ओढली की बोंडूचा गर फाटतो आणि रस वाया जातो. रस हवा असणाऱ्याला असलं साधन नको. बी पिरगळून सुटली पाहिजे. हे कळायला पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि एक टाचणी पुरते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम सुरू असताना जा, वीस-पंचवीस बिया व्हर्नियरने मोजा, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी अशी दोन मापं लिहून घ्या. सरासरी इथे कामाची नाही. मुठीसाठी ओल्या मातीचा गोळा घेऊन तो रोज काजू गोळा करणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि घट्ट आवळायला सांगा. मातीवर उठलेले बोटांचे ठसे हेच तुमचं ड्रॉइंग. नंतर पाच मिलिमीटरच्या सनबोर्डचा (हलक्या फोम-पाटीचा), रबरबँड लावलेला सांगाडा. तो शंभर बोंडूंवर चालला की मग रीळ फोडा.

तेव्हाही अख्खी वस्तू लगेच छापू नका. आधी फक्त बिजागरीचा दोन सेंटीमीटरचा तुकडा छापा. पीएलएमध्ये भोक ड्रॉइंगपेक्षा लहान येतं, त्यामुळे तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.३ काढावं लागतं. एकमेकांत फिरणाऱ्या भागांत प्रत्येक बाजूला ०.३ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. ०.४ मिलिमीटरचा नोझल (वितळलेला माल सोडणारं तोंड), ०.२ चा थर, चार वॉल (बाहेरच्या भिंती) आणि २० टक्के इन्फिल (आतला जाळीदार भराव) एवढ्यात हातातलं साधन पुरेसं मजबूत होतं. जबडा मोडतो म्हणून इन्फिल ८० टक्के करणारे खूप भेटतात. मोडण्याचं कारण बहुधा वेगळं असतं: तुकडा उभा छापलेला असतो आणि जोर थरांच्या सांध्यावर येतो. तोच तुकडा आडवा छापला की निम्म्या मालात जास्त टिकतो.

आता दमट हवा. उघड्यावर राहिलेलं रीळ पाणी ओढतं. छपाई सुरू असताना नोझलशी चटचट आवाज, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि खरखरीत पृष्ठभाग दिसला की समजायचं. याहून वाईट म्हणजे तार ठिसूळ होते. रात्रीची छपाई लावून सगळे घरी जातात, तार नळीच्या आत मोडते आणि सकाळपर्यंत नोझल हवेत फिरत राहतो. सोपी परीक्षा: रिळाच्या टोकाची वीतभर तार वाकवा, कट्कन तुटली तर रीळ सुकवायला हवं. ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास ड्रायरमध्ये ठेवलं की बहुतेक वेळा काम होतं. घरच्या ओव्हनचा भरवसा धरू नका. काटा ५० दाखवतो, आत ७० असतात आणि अख्ख्या रिळाचा चिकट गठ्ठा होतो. नंतर रबरी वायसर असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि आत २०० ग्रॅम सिलिका जेल. डबा स्वस्त आहे, जुलै-ऑगस्टमध्ये तोच रीळ वाचवतो.

पावसात वीज जाते-येते. अनेक प्रिंटरांत थांबलेली छपाई पुढे सुरू करायची सोय असते, पण तोवर बेड थंड होऊन तुकडा सुटतो, त्यामुळे त्या सोयीवर विसंबू नये. लहान यूपीएस पाच मिनिटांचा झटका निभावतो, तासाभराचा नाही. दहा तासांचा एक तुकडा छापण्यापेक्षा तीन-तीन तासांचे तीन छापून स्क्रूने जोडणं शहाणपणाचं.

उन्हाचं सांगायचं तर पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. फर्मागुढीहून पणजीला प्रदर्शनाला नेताना प्रोटोटाइप बंद गाडीत काचेखाली राहिला, तर मूठ वाकडी झालेली मिळेल. उन्हात वापरायची वस्तू असेल तर शेवटची आवृत्ती पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये काढा. ते साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं, मात्र धागे जास्त सोडतं आणि २३० च्या वर तापवावं लागतं.

रंग राखाडी घ्या, थरांच्या रेषा कमी दिसतात. पीएलएचा चकचकीत सिल्क प्रकार फोटोत देखणा, पण थर एकमेकांना कमी धरतात. जोर येणाऱ्या भागाला नकोच. रसाशी संबंध येणारा भाग छापील ठेवू नका, थरांच्या फटींत रस अडकून आंबतो. तिथे स्टीलची पट्टी लावा. आणि अहवालात पीएलए जैवविघटनशील आहे असं लिहिण्याआधी थांबा: ते कुजायला औद्योगिक कंपोस्टिंगची ६० अंशांजवळची उष्णता लागते. परसात पुरलेला तुकडा पुढच्या वर्षी तसाच बाहेर येईल.