एका लॅपटॉपवर तीन व्हॉट्सॲप: दिवाळीपासूनचा अनुभव

माझा स्वतःचा नंबर, घरच्या मसाल्यांच्या ऑर्डरींचा नंबर आणि मी सेक्रेटरी आहे त्या सोसायटीचा नंबर, अशी तीन व्हॉट्सॲप खाती दिवाळीपासून एकाच लॅपटॉपवर चालवतेय. क्रोममध्ये तीन प्रोफाइल केली आणि प्रत्येकात व्हॉट्सॲप वेब उघडलं, एवढंच. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज आणि साठवलेला डेटा स्वतंत्र असतो, म्हणून लॉगिन एकमेकांत मिसळत नाहीत. प्रोफाइल बनवायला गुगल खातंही लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते रंगांचं. मसाल्यांची विंडो लाल, सोसायटीची हिरवी. मेंटेनन्सच्या थकबाकीचा निरोप टाकताना वरची पट्टी हिरवी दिसली की मन निश्चिंत. सगळी खाती एकाच विंडोत दाखवणारी इतर ॲप्स मी म्हणूनच घेतली नाहीत. शिवाय गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर तिसऱ्याच्या ॲपमधून का फिरवायचे?

ब्लूस्टॅक्ससारखा एम्युलेटर या कामाला नको. तो संगणकात अख्खा अँड्रॉइड फोनच उभा करतो, त्यामुळे माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला धाप लागते. त्यात नंबरची नोंदणी केली की तोच मुख्य फोन ठरतो आणि हातातल्या फोनवरून ते खातं बाहेर पडतं. वेबचं तसं नाही. २०२१ पासून आलेल्या मल्टी-डिव्हाइस सोयीमुळे फोन बंद असला तरी निरोप येत राहतात आणि एका खात्याला फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात.

एक गोष्ट मात्र सांभाळावीच लागते. मुख्य फोनवर व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलं नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. सोसायटीचं सिम ज्या जुन्या फोनमध्ये आहे, तो कपाटातच असतो. दर रविवारी तो चार्ज करून व्हॉट्सॲप उघडते. त्या सिमचं रिचार्जही चालू ठेवा. नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला मिळाला, तर खातंही हातचं जाईल.

प्रोफाइलला स्वतःचा पासवर्ड नसतो, लॅपटॉप उघडा असेल तर कुणीही त्यात शिरू शकतं. व्हॉट्सॲप वेबच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुलूप आहे, ते तिन्ही खात्यांना लावलंय. घरात एकच लॅपटॉप सगळे वापरत असाल, तर निरोप बघण्याआधी ते लावून घ्या.