शिजवलेली फ्रोझन, कच्ची फ्रोझन की बाजारातली ताजी? रोजच्या जेवणाला कुठली कोळंबी घ्यायची

आधीच सांगते, कालवण करायचं असेल तर शिजवलेल्या फ्रोझन कोळंबीच्या वाटेला जाऊ नका, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने लटकत साडेआठला घरी पोचून नऊला जेवायचं असेल तर ताजीचा हट्ट धरू नका. या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे त्याच्यासाठी हे लिहितेय, कारण नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे नवीन राहायला आलेले बरेच जण विचारतात की हेल्दी म्हणून पाकीट घ्यायचं तर नक्की कुठलं.

पहिली गोष्ट म्हणजे पाकीट नीट बघा. आपल्याकडे मिळणारी बरीचशी फ्रोझन कोळंबी कच्चीच असते, फक्त सोललेली आणि पाठीवरचा काळा दोरा काढलेली. रंग राखाडी असेल तर कच्ची, गुलाबी-केशरी आणि गोल वळलेली असेल तर शिजवलेली. घाईत ॲपवर फोटो बघून ऑर्डर केली की इथेच घोळ होतो, कारण फोटोत सगळ्याच गुलाबी दिसतात. कच्ची समजून शिजवलेलीला दहा मिनिटं रश्श्यात उकळलंत तर खोडरबर चावायची तयारी ठेवा.

आता चव. ताजी कोळंबी, तीही डोक्यासकट, हिला तोड नाही हे कुणीही मान्य करेल. बेलापूरला दिवाळे गावाच्या बाजारात नाहीतर ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सकाळी गेलात, मावशीशी थोडी घासाघीस केलीत, तर जे मिळतं ते पाकिटात येणार नाही. पण एक आहे, ताजी म्हणजे दर वेळी समुद्रातलीच असं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतली थोडीफार सोडली तर टोपलीत बरीचशी तळ्यात वाढवलेलीच असते. ती बहुतेक व्हॅनामेई जातीची, मूळची पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची, भारतात २००९ पासून हिच्या शेतीला परवानगी आहे आणि सगळ्यात जास्त आंध्रात होते. पाकिटातही बऱ्याचदा तीच असते. म्हणजे भर पावसाळ्यात ताजी ताजी म्हणून जास्त पैसे मोजताना जरा विचार करा, जातीचा फरक नसेल तर फरक उरतो तो फक्त डोक्याचा आणि बर्फात किती वेळ पडलीय त्याचा.

पैशाचं गणित लोक सरळ किलोवर करतात आणि फसतात. डोक्यासकट १ किलो आणलीत की सोलून साधारण अर्धा किलो हातात येते, शिजल्यावर पाणी सुटून ४०० ग्रॅमच्या आसपास. शिजवलेल्या पाकिटात हे सगळं आधीच वजा झालेलं असतं, म्हणून ते महाग वाटतं पण तुलना करताना सोललेल्या मालाचीच करा. मात्र फ्रोझनवर बर्फाचा थर असतो, त्यामुळे नवीन ब्रँड घेतलात तर वितळवून पाणी काढल्यावर एकदा वजन करून बघाच, काही पाकिटं तिथेच उघडी पडतात. आणि पाकिटात कोळंब्या सुट्या खुळखुळत असतील तर ठीक, सगळा एकच गोळा झाला असेल आणि आत बर्फाचा चुरा असेल तर मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलीय, सरळ परत करा.

हेल्दीचं म्हणाल तर तिन्हीत कोळंबी ती कोळंबीच. नुसती वाफवलेली १०० ग्रॅम घेतली तर साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, १०० कॅलरी आणि फॅट जवळपास नाहीच. पनीरमध्ये प्रोटीन थोडं कमी आणि फॅट २० ग्रॅमच्या पुढे, म्हणून डाएटवाले कोळंबीच्या मागे लागतात. कोलेस्टेरॉल १०० ग्रॅमला १९० मिलिग्रॅमच्या घरात, ते ऐकून घाबरणारे पुष्कळ आहेत, पण अमेरिकेच्या आहार सल्ल्यातून रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ लाच काढून टाकली, सॅच्युरेटेड फॅटकडे जास्त लक्ष द्या म्हणतात. अर्थात तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल किंवा युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नको. खरा फरक मिठाचा आहे. शिजवलेल्या फ्रोझनमध्ये बऱ्याचदा मीठ आणि पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट घातलेलं असतं, पाकिटामागे सोडियमची ओळ वाचा, दोन ब्रँडमध्ये खूप फरक दिसतो. घरी बीपीवालं कुणी असेल तर कच्ची फ्रोझन घ्या, तीसुद्धा ज्यात घटक म्हणून फक्त कोळंबी लिहिलंय ती.

मग शिजवलेली घ्यायची तरी कशाला? तर जिथे कोळंबी सगळ्यात शेवटी पडते तिथे. माझं आवडतं म्हणजे लसूण-पालक: दोन चमचे तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चिरलेला पालक, पाणी आटलं की वितळवून पुसून कोरडी केलेली कोळंबी टाकायची, दोन मिनिटं परतून चांगली गरम झाली की गॅस बंद, मीठ चाखून मग. ज्वारीच्या भाकरीबरोबर पोटभर होतं. दुसरं, वाफवलेले मोड आलेले मूग, काकडी, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि वर कोळंबी. यात दही घालू का असं विचारू नका, आमच्याकडे मासे आणि दही एका ताटात आले तर आजी उठून जाईल. आणि ही थंड खायची तर पाकिटावर थेट खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर आधी गरम करून घ्या. मुगाच्या धिरड्यात भरून, अंड्याच्या भुर्जीत, उरलेल्या भाताला मटार-गाजर घालून फोडणी दिली त्यात, सगळीकडे चालते.

न चालणाऱ्या गोष्टीही स्पष्ट आहेत. कोळंबी भात, शेवग्याच्या शेंगा घालून कालवण, रवा लावून तळलेली, यांना कच्चीच पाहिजे. शिजवलेलीला हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट अर्क) लावून अर्धा तास ठेवलंत तरी मसाला वरवरच राहतो, आणि रस तर कारखान्यातच निघून गेलेला असतो. इथे कच्ची फ्रोझन हा मधला मार्ग खरंच चांगला आहे, सोलायची कटकट नाही आणि रश्श्याला थोडी तरी चव उतरते. मला एकच पाकीट ठेवायला सांगितलं तर मी कच्चीच ठेवेन, शिजायला तीन-चार मिनिटंच जास्त लागतात. पण होस्टेलवर किंवा पीजीत इंडक्शनवर करणारी मुलं, नाहीतर कच्च्या माशाला हात लावायचा नाही म्हणणारी मंडळी, त्यांच्यासाठी शिजवलेलीच बरी.

वितळवायचं कसं तर सकाळी निघताना फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात, विसरलात तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. ओट्यावर दिवसभर ठेवू नका, आपल्याकडच्या उकाड्यात तर नाहीच. एकदा वितळलेली परत गोठवू पण नका, लागेल तेवढीच काढा.

आणि रविवारी ताजी आणलीत तर डोकी-टरफलं लगेच सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. जरा तेलावर परतून, पाणी घालून वीसेक मिनिटं उकळा, गाळा, डब्यात भरून फ्रीजरला. बुधवारी त्या पाण्यात भात शिजवला आणि वरून शिजवलेली फ्रोझन कोळंबी ढवळली, तर आमच्याकडचे खाणारे तरी ताजी की पाकिटातली असं विचारत नाहीत.