खादी भांडारातला तयार शर्ट: कापड उत्तम, शिलाई बेताची

एका खादी भांडारातून घेतलेला पांढरा, पूर्ण बाह्यांचा तयार शर्ट उन्हाळाभर वापरला. कापडाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, शिलाईबद्दल मात्र आहे. खादीचे सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले असल्यामुळे धागा कुठे जाड तर कुठे बारीक येतो. कापड उजेडासमोर धरले की हा फरक लगेच दिसतो, आणि अशा विणीतून हवा खेळत राहिल्याने घामही लवकर सुकतो. कॉलर ताठ ठेवणारे आतले कापड, म्हणजे बकरम, मात्र इतके हलके आहे की काही धुण्यांतच तिची टोके वर वळली, आणि एका काजाचे टाके उसवल्याने शिंप्याकडे जावे लागले. या किमतीत हे खपवून घेऊ नये.

हा शर्ट कुठे घालायचा, याचाही विचार आधी करावा. खळ घालून कडक इस्त्री केली की चार माणसे आपल्याला पुढारी समजतात (नमस्कारही जरा जास्तच होतात), तर बाह्या दुमडून जीन्सवर घातला की तोच तरुणाईची फॅशन ठरतो. स्वातंत्र्यचळवळीत परदेशी कापडावरील बहिष्काराची खूण ठरलेली खादी नोकरीच्या मुलाखतीत मात्र दुपारपर्यंत चुरगळून अव्यवस्थित वाटू शकते. तिथे टेरिकॉटच बरे. घेताना अस्सल खादीची अधिकृत खूण असलेला ‘खादी मार्क’ तपासावा आणि पहिल्या धुण्यात कापड आटत असल्याने माप थोडे सैलच निवडावे.