सेमिनारला रेडियल ग्लिया घ्यावी की मायक्रोग्लिया?

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताय, गर्भातल्या मेंदूची वाढ हा विषय ठरलाय, पण ग्लियांपैकी, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींपैकी, कोणती धरायची इथं गाडं अडलंय? ऑलिगोडेंड्रोसाइट आधी बाजूला ठेवा. माणसात त्यांचं मायेलिनचं, म्हणजे चेतातंतूंवर वेष्टन चढवण्याचं, काम बहुतेक जन्मानंतर चालतं. खरी निवड उरलेल्या दोघींत आहे.

रेडियल ग्लिया मेंदूच्या घरचीच. तिचं एक टोक आतल्या पोकळीला भिडलेलं, दुसरं बाहेरच्या आवरणाला. नव्या चेतापेशी तिचा लांब धागा धरून वर सरकतात, हे मेंदूशास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात दाखवलं. तेव्हा ती नुसती वाट दाखवणारी वाटे. 2000-2001 च्या सुमारास कृंतकांवरच्या (उंदीर-घुशींच्या गटावरच्या) प्रयोगांतून उलगडलं की चेतापेशींना जन्मही तीच देते. लेक आईच्याच अंगाखांद्यावरून चढते! मला तर गर्भविज्ञानात याहून सुंदर काही दिसत नाही. पुढे यातल्या बऱ्याच पेशी ॲस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया, होतात. झिका विषाणू गर्भात शिरला की याच पेशींना गाठतो. त्या मेल्या की चेतापेशी कमी पडतात आणि बाळाचं डोकं लहान राहतं.

मायक्रोग्लिया बाहेरून आलेली. तिचं मूळ गर्भाला जोडलेल्या पीतक कोशात (yolk sac) आहे, हे उंदरात 2010 मध्ये स्पष्ट झालं. मेलेल्या पेशी गिळणं, चेतापेशींमधल्या नको त्या जोडण्या छाटणं ही तिची कामं. इम्युनॉलॉजीची ओढ असेल तर हिच्याकडे वळा.

आता प्रयोगाचं. कोंबडीचा गर्भ दोघींनाही चालतो. अंडी मात्र किराणा दुकानातली नकोत, हॅचरीतली फलित हवीत, इनक्यूबेटर 37.5 अंशांवर ठेवा. पाचव्या दिवसाच्या मेंदूचा छेद घेऊन हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा साधा रंग दिला, तरी पोकळीच्या कडेला विभागणारी केंद्रकं ओळीनं दिसतात. धागे त्या रंगात दिसत नाहीत, पण जन्माची जागा डोळ्यांनी पाहता येते. मायक्रोग्लिया साध्या रंगात खात्रीनं ओळखता येत नाही. तिला अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्याच पेशीला चिकटून ती दाखवणारं प्रथिन, लागते, आणि उंदरावर चालणारी कोंबडीवर चालेलच असं नाही.

म्हणून पहिल्या सेमिनारला माझं मत रेडियल ग्लियाला. मायक्रोग्लियाच हवी असेल, तर विषय नोंदवण्याआधी कोंबडीवर चालणारी अँटिबॉडी विभागात मिळेल का, हे गाइडना विचारून घ्या.