हयातीचा दाखला घरपोच, सत्तर रुपयांत

आमचे अण्णा ८३ वर्षांचे, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त. डिमेन्शियाचं निदान होऊन सहा वर्षं झाली. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दोन वर्षांपूर्वी रिक्षातून बँकेत नेलं, तर टोकन घेऊन बसल्या जागी सारखं "गाडी कितीची हाय?" शेवटी उठून चालायला लागले. गेल्या वर्षी मोबाइलवर चेहरा दाखवून करू म्हटलं. ॲप म्हणतं, डोळ्यांची उघडझाप करा. अण्णांनी डोळे मिटले ते मिटलेच, चक्क घोरायला लागले.

यंदा पोस्टात सांगून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच सेवा घेतली. त्यांच्याकडे खातं असायची गरज नाही. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, पेन्शनच्या खात्याचा नंबर आणि एक मोबाइल हाताशी ठेवा. मोबाइल माझाच दिला, कारण अण्णांचा फोन तांदळाच्या डब्यात असतो.

पोस्टमन आले तसे अण्णा ताठ बसले. "मनीऑर्डर आली का?" पोस्टमन म्हणाले, "आली की. आधी अंगठा द्या." इथेच मी सेवेला पूर्ण गुण देऊन टाकले. अंगठा काही उमटेना. तीस वर्षं लोखंडाशी झटलेल्या बोटांवर रेषा उरल्यात कुठे? ओल्या फडक्यानं हात पुसला, एकेक बोट लावून पाहिलं, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला यंत्र पावलं. मध्येच फॉर्ममधला प्रश्न आला, पुनर्विवाह केलाय का? अण्णा म्हणाले, "हिला विचारून सांगतो." आई जाऊन अकरा वर्षं झाली. पोस्टमननी काही न बोलता "नाही" दाबलं. वीसेक मिनिटांत काम झालं, प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेज आला.

तक्रार एकच, वेळ आधी नक्की कळत नाही. "उद्या येतो" म्हणजे तिसऱ्या दिवशी.

पण यानं पेन्शन खात्यात येते एवढंच, खात्यातून काढायची कशी हा घोळ तसाच. आमच्या बँकेत (नाव नको) चेकवरची सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं, वर सल्ला, "पॉवर ऑफ ॲटर्नी करून आणा." वकिलांनी डोक्याला हात लावला. भान राहिलं नाही की आधी दिलेलं मुखत्यारपत्रसुद्धा संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. नवीन करायचा तर प्रश्नच नाही. मग अण्णांसाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला हायकोर्टाची पायरी. आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी हवा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. ते छापून नेल्यावर साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची दिली. तरी अण्णांना कशावर अंगठा देतोय हे त्या दिवशी उमगायला हवंच, आणि असे दिवस आता मोजकेच. निदान नवं असतानाच वकील गाठायला हवा होता. मी तेव्हा नुसत्या गोळ्या आणत बसलो.

पोस्टमनना चहा दिला, जास्तीचे पैसे काही घेईनात. सत्तर रुपयांची पावती अण्णांनी मनीऑर्डर समजून जपून ठेवली. परवा तांदळात सापडली.