वावरात वापरलेले 'ट्रेकिंग' शूज : पेरणीपासून हरभरा काढेपर्यंतचा अनुभव

पाचपैकी दोन स्टार. दोन्ही वरच्या भागाचे. सोलला एकही नाही, आणि का नाही तेच सांगायला एवढं लांबलचक लिहून राहिलो, ज्याला वेळ नसेल त्यानं इथंच सोडलं तरी चालते.

कंपनीचं नाव घेत नाही. एकट्या तिला शिव्या देऊन फायदा नाही, कारण त्याच किमतीतले गावातल्या पोट्ट्यांचे वेगवेगळ्या नावाचे जोडे पालथे करून पाहिले, खालून सगळे सारखेच. मी घेतला 2025 च्या रोहिणीत, पेरणीच्या आधी, ऑनलाइन, 1899 रुपयाला. तेव्हा हजाराच्या वरच्या जोड्याला 18 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबरपासून 2500 पर्यंत 5 टक्के झाला, त्यामुळं आता तोच थोडा स्वस्त दिसते.

वापर कसा तेही सांगतो, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणते की तुम्ही वापरलाच चुकीचा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं आमची कोरडवाहू शेती, कपाशी, तूर, थोडं सोयाबीन, आणि सोबत एका बियाणे कंपनीचे प्लॉट पाहायचं काम करतो, म्हणजे सकाळी गाडी काढायची, पांदणीत जिथवर जाते तिथवर न्यायची आणि पुढं पायी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं. डोंगर चढलो नाही, नदी ओलांडली नाही. जाहिरातीत तो माणूस बर्फात उभा होता बाप्पा, मी तर फक्त पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत.

पहिले काही दिवस खरंच मस्त. हलका एवढा की पायात आहे की नाही समजत नाही. चावला नाही, घासला नाही. आमच्या बाबांच्या जमान्यात नवीन चामड्याचा जोडा आणला की त्याला एरंडेल तेल पाजा, चार दिवस मुरू द्या, तरी टाचेवर फोड यायचाच, तसलं काही नाही. वरचं कापड जाड, नाकाजवळ रबराचा पट्टा, लेस चांगली. कुसळं मात्र त्या जाळीच्या भागात अशी घुसतात की संध्याकाळी बसून एकेक उपटावं लागते, पण ते कोणत्याही जाळीच्या बुटाचं आहे.

मग मृगाचा पाऊस आला आणि काळी माती सुरू झाली. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आवळते, म्हणूनच उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा गारा, म्हणजे चिखल, सोलच्या खाचांत बसला की निघत नाही, दहा पावलांत एकेका पायाला चांगलं वजन चढते. आता पाहा, पाय वर ओढते, माती सोलला खाली ओढते, आणि मधात धरून ठेवायला आहे फक्त गोंदाचा एक थर. पोळ्याच्या आसपास उजव्या बुटाच्या नाकाजवळ, चवडा जिथं वाकते तिथं, नख जाईल एवढी फट दिसली. त्यात मातीचा कण गेला, तो वाळला, मग अजून माती, दसऱ्यापर्यंत पूर्ण बोट जायला लागलं.

इथं एक गोष्ट जवळून पाहिली आणि डोकंच फिरलं. सोलच्या कडेनं छान पिवळ्या दोऱ्याची शिलाई दिसते ना, ती नखानं उचलून पाहिली तर दोराच नाही! साच्यातच टाक्यांची नक्षी काढली आहे आणि वरून पिवळा रंग मारला आहे. फोटोत पाहणाऱ्याला वाटते शिवलेला बूट आहे. चिकटवलेला बूट वाईटच असते असं मी म्हणत नाही, चांगले महागडे जोडेही चिकटवलेलेच असतात, त्यात आधी पृष्ठभाग घासतात, प्रायमर लावतात, पॉलियुरेथेनचा गोंद लावून वाळू देतात, मग गरम करून प्रेसमध्ये दाबतात. पण यातल्या घासायच्या आणि वाळवायच्या कामाला वेळ लागते, आणि स्वस्तात माल काढायचा तर हात आखडतात तो तिथंच. बाहेरून ते दिसतही नाही. त्यात उष्णतेनं हा गोंद नरम पडते, म्हणून ओला बूट चुलीजवळ वाळवायची जी सवय आपल्याकडं घरोघरी आहे ती या जोड्यांना अजिबात चालत नाही. मी आत पेपर कोंबून सावलीतच वाळवायचो, तरी सुटला.

बाजाराच्या दिवशी चप्पल-बूट शिवणाऱ्या काकांकडं घेऊन गेलो. त्यांनी अंगठ्यानं सोल दाबला, आरी टोचून पाहिली, आरी अशी आत गेली की जोरच लागला नाही. म्हणाले, "भाऊ, मी शिवून देतो, पण याले टाका धरत नाई. फेस हाय हा. रबर असतं तं दोन वर्स पाहा लागलं नसतं." तरी त्यांनी सुलोचन, म्हणजे बुटाचा गोंद, लावून दाबून ठेवला आणि दुसऱ्या तासाला मेणाचा दोरा घालून कडेनं टाके मारून दिले, दोन्ही पायाचे दीडशे रुपये. काम चांगलं केलं. कापूस वेचणीभर चालला. मग एका सकाळी धुऱ्यावर चढताना सोल टाक्यांच्या छिद्राछिद्रावरून पोस्टाच्या तिकिटासारखा फाटला. दोरा जसाच्या तसा, फेसच गेला.

हा फेस म्हणजे ईव्हीए. स्लिपरपासून रनिंग शूजपर्यंत सगळीकडं तोच. आत वायूचे बारीक बुडबुडे असतात म्हणून हलका आणि गुबगुबीत लागते, पण रोजच्या वजनानं ते बुडबुडे दबतात आणि परत पूर्ण फुगत नाहीत, म्हणून टाच एका बाजूनं बसत जाते. चांगल्या बुटात हा फेस फक्त मधात असते आणि जमिनीला लागणारा भाग रबराचा असते. माझ्यात रबर होतं कुठं, तर टाचेखाली आणि चवड्याखाली दोन पातळ चकत्या, बाकी सगळा फेस सरळ जमिनीवर. शहरातल्या फरशीवर चालून जाईल. आमच्याकडं पऱ्हाटी विळ्यानं तिरपी कापली की जो खुंट राहते तो खिळाच असते, तो या फेसात सरळ घुसते. बाभळीचा काटा तर अजून हरामी, आत जाऊन मोडते, वरून दिसत नाही, आणि चार दिवसांनी गाडीची किक मारताना बरोबर टाचेत टोचते. टायरची चप्पल घालणारे म्हातारे कास्तकार आपल्याकडं पाहून हसतात ते उगाच नाही.

आता यावर लोक म्हणतील जुनं ते सोनं, आधीचे जोडे वीस वर्षं चालायचे. थांबा जरा. आधीचे जे टिकले तेच आठवतात, जे वर्षात फाटले ते उकिरड्यावर गेले, त्यांची आठवण कोण ठेवते. ते जड होते, पाण्यात भिजले की वाळून कडक व्हायचे, आणि घरात पूर्ण कुटुंबात मिळून एक-दोनच जोडे असायचे, बाकीचे अनवाणी. पण एक फरक आहे आणि तो खरा आहे, ते उघडून दुरुस्त करता यायचे. वेल्टवाला बूट, ज्याचं मशीन रबर पक्कं करायची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या पोरानं 1870 च्या दशकात आणलं, त्यात वरचं चामडं एका पट्टीला शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात, म्हणून खालचा सोल झिजला की फक्त तेवढाच बदलायचा. माझ्या जोड्याचं वरचं कापड आजही एका जागी उसवलं नाही, आणि तरी तो मेला, कारण खालचं बदलायची सोयच ठेवली नाही. माझा राग झिजण्यावर नाही, यावर आहे.

आणि वापरलाच नाही तर टिकते, असंही नाही हं. आमच्या मामेभावानं लग्नातला चकचकीत बूट डब्यात घालून आलमारीवर जपून ठेवला होता, काही वर्षांनी लहान भावाच्या लग्नात काढला, मंडपापर्यंत गेला आणि पायाखाली काळा भुगा. लोक हसले, त्याला वाटलं उंदरानं खाल्ला. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. काही प्रकारचं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत तुटत जाते, याला हायड्रोलिसिस म्हणतात, उष्णता आणि दमट हवा असली की अजून लवकर, आणि डब्यात बंद ठेवल्यानं तर वाचतच नाही. म्हणून सेलमध्ये 70 टक्के सूट दिसली की आधी डब्यावर तयार केल्याचा महिना आणि वर्ष पाहा, ते छापणं कायद्यानं लागते. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला पीयू सोल फुकटातही महाग आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांसाठी वेगळं सांगतो कारण ते बिचारे सगळ्यात जास्त लुटले जातात. रनिंग शूजचा फेस साधारण 500 ते 800 किलोमीटरपर्यंतच धरा, हे बूट बनवणारेही मानतात. रोज 10 किलोमीटर डांबरी रोडवर पळाले तर दोन-अडीच महिन्यांत आकडा गाठला. वरून नवाच दिसते आणि नडगी दुखायला लागते. 1600 मीटरच्या तयारीला एकच जोडा रोज घासण्यापेक्षा सरावाला एक आणि ग्राऊंडला एक ठेवा, आणि शाळेत-बाजारात तोच घालून फिरू नका.

वॉरंटीचं थोडक्यात. तीन महिन्यांची होती, फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टवर. फट दिसायला लागली तेव्हा ती नुकतीच संपली होती. फोटो पाठवले, उत्तर आलं की हा 'वेअर अँड टेअर' आहे. खोटी शिलाई कशात बसते विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. 1915 या नंबरची ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार टाकली आहे, पाहू. आयएसआयचं म्हणाल तर चपला-बुटांचा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर 1 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला, त्याच्या मानकांत सोल किती घट्ट चिकटला, किती वेळा वाकवला की तडकते, किती झिजते अशा चाचण्या असतात. शिक्का आहे म्हणून काळ्या मातीत टिकेलच असं नाही, पण नसलेल्यापेक्षा असलेला बरा.

सध्या पावसात आणि फवारणीला काळा रबरी गमबूट घालतो. फवारणीला तर जाळीचा बूट घालूच नका, औषध सरळ मोज्यात उतरते, आणि 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते विसरायचं नाही. गमबुटात पाय उकडते, पण साप-विंचवाचंही भ्या कमी. कोरड्या दिवसात बाजारातून आणलेला मिलिटरी टाइपचा बूट, ज्याचा रबरी सोल वरच्या भागावर सरळ साच्यातच बसवते. जड आहे, पहिले आठ दिवस चावला, पण पऱ्हाटीचा खुंट अजून आरपार गेला नाही. घेताना तीनच गोष्टी केल्या, सोलवर नख रुतवून पाहिलं, शिलाईचा दोरा उचलून पाहिला, आणि बूट मधातून वाकवून नाकाजवळ फट पडते का ते पाहिलं. दुकानदार जरा वैतागला, वैतागू द्या.

हे ट्रेकिंगवाले कोणी घ्यावे? ऑफिस, कॉलेज, एसटीचा प्रवास, मंदिराच्या पायऱ्या, एवढंच असेल तर खुशाल घ्या, आरामदायक आहेत, साइज एक नंबर मोठी मागवा कारण बोटाकडं आवळ येते. वावरात जायचं असेल तर नको. आणि यवतमाळ-अमरावतीकडं कोणी जुन्या जोड्याला नवीन रबरी सोल बसवून देत असेल तर सांगा, माझ्या जोड्याचा वरचा भाग अजून धड आहे, फेकायला जीव होत नाही.