प्रिंटर वायफायवर की केबलवर? दहा महिने दोन्ही करून झालं

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर घरी इंक टँक प्रिंटर घेतला. बायको घरीच आठवी ते दहावीचे क्लास घेते, त्यामुळे आठवड्याला शंभर-दीडशे पानं कुठेच जात नाहीत. दुकानदार म्हणाला, "वायफायवालाच घ्या साहेब, आता वायर कोण लावतं?" त्या शब्दावर हजार-बाराशे जास्त मोजले.

पहिला दिवस सेटिंगमध्येच गेला. कंपनीच्या अ‍ॅपला माझं लोकेशन हवं, अकाउंट हवं, आणि एवढं देऊनही प्रिंटर काही सापडेना. कारण साधं होतं. राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बहुतेक स्वस्त प्रिंटरांसारखा हाही फक्त २.४ वर चालतो आणि माझा फोन बसला होता ५ वर. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं. नावं वेगळी केली, फोन २.४ वर आणला आणि दोन मिनिटांत काम झालं.

पुढचे तीन-चार महिने खरंच मजेत गेले. आई फोनवर आलेल्या आरत्या मोठ्या अक्षरात छापून घ्यायला लागली, तेही मला हाक न मारता. छापण्याची सोय आता फोनमध्येच असते (आयफोनला एअरप्रिंट २०१० पासून आहे), कंपनीचं अ‍ॅप नंतर काढून टाकलं तरी अडलं नाही. एकदा वरच्या मजल्यावरचा मुलगा लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, तुमचा प्रिंटर आमच्या फोनवर दिसतो." ते वायफाय डायरेक्टचं, म्हणजे राउटरशिवाय थेट जोडायला प्रिंटर स्वतःच सोडतो त्या वायफायचं नाव होतं. त्याला पासवर्ड असतो म्हणा, पण मी त्याच रात्री ते बंद करून टाकलं.

मग जानेवारी. दहावीची सराव परीक्षा, २२ मुलं, प्रत्येकी चार पानं, रात्रीचे दहा. प्रिंटरवर निळा दिवा शांतपणे लागलेला आणि कॉम्प्युटर म्हणतो, 'ऑफलाइन'. प्रिंटर बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. शेवटी बायकोच म्हणाली, "ती चौकोनी तोंडाची वायर आली होती ना बॉक्समध्ये? ती लाव की." दीड मीटरची वायर पुरेना म्हणून प्रिंटर उचलून बेडरूममध्ये नेला, जमिनीवर ठेवला, वायर खुपसली. कॉम्प्युटरने टुडुंग केलं आणि पाच मिनिटांत पानं सुरू.

दुसऱ्या दिवशी प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापून काढलं. त्यावर पत्ता १९२.१६८.१.७. कॉम्प्युटर मात्र अजून १९२.१६८.१.४ ला हाका मारत होता. आदल्या संध्याकाळी लाईट गेली होती. लाईट आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले, घरातले फोन आधी रांगेत लागले आणि ४ नंबर दुसऱ्याच कोणाला गेला. म्हणजे वायफायची रेंज, प्रिंटर, शाई सगळं ठणठणीत. फक्त घर बदललं आणि पोस्टमनला कळवलं नाही.

रागाच्या भरात दोन महिने केबलवरच काढले. विश्वासाच्या बाबतीत केबलला तोड नाही, हे कबूल. स्कॅनिंगला तर फारच बरी. ए-फोर रंगीत पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की कच्चा डेटा २५ एमबीच्या वर जातो. दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर तिथे चांगलंच ताटकळावं लागायचं. छपाईच्या वेगात मात्र मला काडीचा फरक दिसला नाही. मशीन मिनिटाला दहा-बारा पानं काढणार, मग डेटा कुठूनही येवो.

त्रास वेगळाच सुरू झाला. प्रत्येक प्रिंटसाठी कॉम्प्युटर चालू पाहिजे आणि तो ज्या खोलीत, तिथे मुलगा झोपलेला. आईच्या आरत्या बंद पडल्या. लांब वायर घ्यावी म्हटलं तर साध्या यूएसबीची मर्यादा पाच मीटर, आणि हॉलपर्यंत भिंतीच्या कडेने आठ तरी होतात. शिवाय विंडोजने एकाच प्रिंटरचे दोन करून ठेवले, एक वायफायचा आणि एक 'कॉपी १' नावाचा. नंतर वायर काढली तरी बायकोची कामं गुपचूप 'कॉपी १' कडेच जात राहिली. काही दिवसांनी स्कॅनसाठी वायर लावली, तर अडकलेली चौदा कामं एकापाठोपाठ एक बाहेर. एकच भूमितीची वर्कशीट पाच वेळा.

मार्चच्या मध्यावर प्रिंटर परत हॉलमध्ये आणला आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या नावावर एक पत्ता कायमचा राखून ठेवला. मग कॉम्प्युटरवरचा जुना प्रिंटर काढून त्याच पत्त्यावर टीसीपी/आयपी पोर्टने, म्हणजे पत्ता थेट टाकून, नव्याने जोडला. वीस मिनिटांचं काम. तेव्हापासून लाईट कितीतरी वेळा गेली, पण 'ऑफलाइन' एकदाच दिसलं, आणि तेव्हा वायफायचा पासवर्ड मीच बदलला होता.

आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी लॅन पोर्ट असलेला शोधेन, थोडे जास्त पैसे गेले तरी. मेव्हण्याकडे तसा लेझर आहे. त्याची वायर राउटरला जाते, कॉम्प्युटरला नाही, हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. वायर लावल्यावर त्याच्या प्रिंटरचं स्वतःचं वायफाय बंद होतं, पण फोन आणि प्रिंटर एकाच राउटरवर असल्यामुळे फोनवरून छपाई तशीच चालते. पत्ता मात्र तिथेही राखूनच ठेवायचा. एकटा माणूस, एकच कॉम्प्युटर, प्रिंटर शेजारच्या टेबलावर, असं असेल तर वायफायचे जास्तीचे पैसे देऊच नका.

आमची चौकोनी तोंडाची वायर आता टीव्हीखालच्या खणात असते. परीक्षा जवळ आली की बायको ती न सांगता बाहेर काढून प्रिंटरवर ठेवते.